अनुदानाचा पैसा : कोणाचा, कशासाठी आणि कधीपर्यंत?

अमेरिकेतील लिबरल आर्ट्स महाविद्यालयांविषयी आलेल्या पत्रांत या वेळी एकच विषय पुन्हा पुन्हा डोकावतो, तो म्हणजे अनुदान. साधारण दीड ते अडीच हजार विद्यार्थ्यांची, मुख्यतः पदवीपर्यंतचेच शिक्षण देणारी, निवासी आणि बहुतांशी खासगी अशी ही महाविद्यालये आहेत. तेथे विद्यार्थ्याला शुल्कात मिळणारी सूट, प्राध्यापकाला मिळणारा संशोधननिधी आणि नव्या अभ्यासक्रमासाठी बाहेरून येणारी रक्कम या तिन्हींना सरसकट ‘ग्रँट’ म्हटले जाते आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या मुलीला एका लिबरल आर्ट्स महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. आर्थिक मदतीच्या पत्रात एक मोठी रक्कम ‘ग्रँट’ म्हणून दाखवली आहे, तिच्याखाली ‘कॅम्पस एम्प्लॉयमेंट’ म्हणून काही हजार डॉलर आहेत, आणि माहितीपत्रकात ‘फंडेड समर रिसर्च’चा मोठा गाजावाजा आहे. हा सगळा पैसा एकच का?

नाही. हे तीन वेगवेगळे पैसे आहेत. पत्रातील ‘ग्रँट’ म्हणजे महाविद्यालयाने स्वतःच्या शुल्कात दिलेली सूट होय. तिचा काही भाग जुन्या देणगीदारांनी शिष्यवृत्तीसाठी ठेवलेल्या निधींच्या उत्पन्नातून भरून निघतो आणि उरलेला भाग म्हणजे महाविद्यालयाने न आकारलेले शुल्क असते. ही रक्कम परत करावी लागत नाही, मात्र ती हातातही पडत नाही; ती बिलातून परस्पर वजा होते. अमेरिकी सरकारचे पेल अनुदान, ज्याची २०२५-२६ सालची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर आहे, परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही; त्यामुळे मुलगी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणार असेल तर तिच्या पत्रातील ग्रँटमध्ये त्या सरकारी पैशाचा वाटा नसणार.

‘कॅम्पस एम्प्लॉयमेंट’ ही खरे तर मदत नव्हेच, ती कमाईची संधी आहे. तरीही बहुतेक पत्रांत ती रक्कम एकूण मदतीच्या बेरजेत धरलेली असते, आणि खरी मेख इथेच आहे. ग्रंथालयात, भोजनगृहात किंवा प्रयोगशाळेत तासावर काम करून ती मिळवावी लागते, पगार काम केल्यानंतर हळूहळू खात्यात येतो, आणि एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांहून अधिक काम करता येत नाही. पहिल्या सत्राचे बिल मात्र सत्राआधीच येते. म्हणून पहिल्या वर्षीच्या बिलाचा हिशेब मांडताना ही रक्कम शून्य धरावी, हे बरे. याबाबतीत महाविद्यालयांत जमीन-अस्मानाचा फरक आढळतो. विल्यम्स महाविद्यालयाने २०२२ पासून कर्ज, सत्रातील काम आणि उन्हाळी कमाई या तिन्ही अपेक्षा मदतीच्या पत्रातून काढून टाकल्या आणि तेवढी रक्कम अनुदानात घातली; केंटकीतील बेरिया महाविद्यालय १८९२ पासून शिकवणी शुल्क घेत नाही, पण तेथे प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला किमान १० तास काम करणे हा शिक्षणाचाच भाग मानला जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे उन्हाळी संशोधन. त्याचा या पत्राशी काहीही संबंध नाही. त्यासाठी दर वर्षी स्वतंत्र अर्ज करावा लागतो, कोणीतरी प्राध्यापक मार्गदर्शनास तयार असावा लागतो, आणि साधारण आठ ते दहा आठवड्यांच्या कामासाठी विद्यावेतन मिळते. ते मिळेलच असे गृहीत धरून घरचे अंदाजपत्रक आखू नये.

ठेव भरून जागा निश्चित करण्याआधी मदत कार्यालयाला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. शुल्क दर वर्षी वाढते, तेव्हा अनुदानही त्याच प्रमाणात वाढणार का, आणि कुटुंबाचे उत्पन्न घटल्यास फेरविचार होईल का? परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेश देणारी लिबरल आर्ट्स महाविद्यालये मोजकीच आहेत. अ‍ॅमहर्स्टने ते धोरण २००८ मध्ये स्वीकारले आणि बोडनने २०२२ मध्ये. इतर अनेक ठिकाणी ‘प्रवेशअर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल तर पुढे चारही वर्षे मागता येणार नाही’ असा स्पष्ट नियम असतो आणि तो कसोशीने पाळला जातो.

प्रश्न : काही महाविद्यालयांकडे अब्जावधी डॉलरची गंगाजळी आहे असे वाचतो. मग त्यांच्या प्राध्यापकांनी सरकारकडे आणि प्रतिष्ठानांकडे अनुदानासाठी हात का पसरावेत?

प्रश्न रास्त आहे. आयोवातील ग्रिनेल महाविद्यालयाचे उदाहरण घेऊ. विद्यार्थी दोन हजारांहूनही कमी, आणि कायम निधी दोन अब्ज डॉलरहून अधिक. या संपत्तीमागे विश्वस्तांची दूरदृष्टी आहे आणि नशिबाचाही हात आहे. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस हे याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी आणि विश्वस्त, त्यामुळे १९६८ मध्ये कंपनी उभी राहत असतानाच महाविद्यालयाला तिच्यात गुंतवणूक करता आली; वॉरन बफे हेही विश्वस्त मंडळावर होते.

परंतु हा निधी म्हणजे एक मोठे बँक खाते नव्हे. तो शेकडो, कधी हजारांहून अधिक लहान-मोठ्या निधींचा समुच्चय असतो आणि त्यांतील बहुतेकांवर देणगीदाराची अट असते. अमुक निधी ग्रीक-लॅटिनच्या प्राध्यापकपदासाठी, तमुक निधी परिचारकांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला यंत्र हवे म्हणून लॅटिनच्या निधीला हात लावता येत नाही. शिवाय मूळ रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी टिकवायची असल्याने मागील काही वर्षांच्या सरासरी मूल्याच्या साधारण साडेचार ते पाच टक्केच रक्कम दर वर्षी खर्चासाठी काढली जाते. बहुतेक राज्यांत यासाठी २००६ च्या नमुना कायद्यावर आधारलेला एकसारखा कायदा आहे. पेनसिल्व्हेनियाने तो स्वीकारलेला नाही, तेथे तीन वर्षांच्या सरासरी मूल्याच्या २ ते ७ टक्के अशी वेगळी चौकट आहे. स्वार्थमोर, हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर ही तिन्ही नामांकित महाविद्यालये याच राज्यात येतात.

या श्रीमंतीवरील कराबाबतही अनेकांचा गैरसमज दिसतो. २०१७ च्या कायद्याने किमान ५०० विद्यार्थी आणि दर विद्यार्थ्यामागे किमान ५ लाख डॉलरचा निधी असलेल्या खासगी संस्थांच्या निव्वळ गुंतवणूक उत्पन्नावर १.४ टक्के कर बसवला. २०२५ च्या कायद्याने हा दर सर्वांत श्रीमंत संस्थांसाठी ८ टक्क्यांपर्यंत नेला, पण त्याच वेळी शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येची अट ५०० वरून ३,००० वर गेली. परिणामी अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, पोमोना, स्वार्थमोर, ग्रिनेल अशी लहान आकाराची श्रीमंत महाविद्यालये या करातून बाहेर पडली.

आणि एक गोष्ट पत्रलेखकाने ध्यानात घ्यावी. अब्जाधीश महाविद्यालये मोजकीच आहेत. बहुसंख्य लिबरल आर्ट्स महाविद्यालयांचा डोलारा विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभा आहे आणि त्यांच्यासाठी बाहेरचे अनुदान ही चैन नसते. श्रीमंत महाविद्यालयांत मात्र अनुदान मागण्याचे कारण नुसता पैसा नसतो: एनएसएफसारख्या, विज्ञान संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या तज्ज्ञ परीक्षकांनी प्रस्ताव पारखून निवडला, ही मान्यता गंगाजळीतून विकत घेता येत नाही.

प्रश्न : मी एका लहान महाविद्यालयात जीवशास्त्राची सहायक प्राध्यापक म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. येथे पीएच.डी.चे विद्यार्थी नाहीत, सत्रात शिकवण्यातून डोके वर काढता येत नाही. मोठ्या विद्यापीठांशी स्पर्धा करून मला संशोधन अनुदान कसे मिळणार?

आपण ज्याला उणीव समजता, त्यासाठीच काही दारे वेगळी ठेवलेली आहेत. १९५० मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने, म्हणजे एनएसएफने, ‘मुख्यतः पदवी शिक्षण देणारी संस्था’ अशी स्वतंत्र वर्गवारी केली आहे. एनएसएफ ज्या विषयांना निधी देते त्या सर्व विषयांत मिळून मागील दोन शैक्षणिक वर्षांत २० किंवा त्याहून कमी पीएच.डी. दिलेल्या संस्था या वर्गात मोडतात. म्हणजे आपले महाविद्यालय निःसंशय बसते. अशा संस्थांतील प्राध्यापकांसाठी ‘आरयूआय’ हा प्रस्तावाचा प्रकार आहे. एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेत ‘आर-१५’ मालिकेतील अनुदान याच धर्तीचे आहे. खासगी प्रतिष्ठानांत फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९१२ मध्ये स्थापन केलेले रिसर्च कॉर्पोरेशन आणि ड्रायफस प्रतिष्ठान ही नावे रसायन-भौतिकशास्त्राकडील सहकाऱ्यांच्या तोंडी आपण ऐकली असतील. आपले काम रसायनशास्त्राच्या सीमेवरचे असेल तर तीही चाचपून पाहावीत.

मात्र आरयूआय म्हणजे सवलतीच्या गुणांची रांग नव्हे. वैज्ञानिक गुणवत्ता आणि व्यापक परिणाम या दोन्ही कसोट्या मोठ्या विद्यापीठाच्या प्रस्तावाला लागतात तशाच आपल्याही प्रस्तावाला लागतात. फरक पडतो तो प्रस्तावासोबत जोडाव्या लागणाऱ्या जास्तीत जास्त पाच पानांच्या प्रभाव-निवेदनामुळे. त्यात महाविद्यालयाची परिस्थिती, शिकवण्याचा भार आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचा सहभाग मांडायचा असतो. माझ्या मते नव्या प्राध्यापकांचे प्रस्ताव इथेच पडतात. ‘विद्यार्थी संशोधनात सहभागी होतील’ या वाक्याला काडीची किंमत नाही. समजा आपला विषय ओढ्यातील शेवाळाच्या जनुकीय विविधतेचा आहे. मग पहिल्या उन्हाळ्यात दोन विद्यार्थी कोणत्या ठिकाणांहून किती नमुने गोळा करतील, डीएनए वेगळा करण्याची पद्धत त्यांना कोण आणि किती दिवसांत शिकवील, त्यांतील एक जण पुढच्या वर्षी पदवी घेऊन निघून गेल्यावर नमुन्यांच्या नोंदी कोणाच्या हाती राहतील, आणि तिसऱ्या वर्षी आकडेवारीचे विश्लेषण करणारा विद्यार्थी कोणता अभ्यासक्रम पूर्ण करून आलेला असेल, हे लिहावे लागते. पीएच.डी.चा विद्यार्थी पाच वर्षे टिकतो. पदवीचा विद्यार्थी दोन उन्हाळे मिळाला तरी पुष्कळ. म्हणून संशोधनाचा प्रश्नच असा तुकड्यांत बेतायला हवा, की एकेक तुकडा दहा आठवड्यांत तडीस जाईल आणि तरीही सगळे तुकडे जोडल्यावर एक निबंध उभा राहील. परीक्षकांना हेच पाहायचे असते.

अंदाजपत्रक कसे दिसते, हे एका काल्पनिक उदाहरणाने दाखवतो. आपला नऊ महिन्यांचा पगार ९०,००० डॉलर धरू. म्हणजे महिन्याला १०,०००. एनएसएफच्या नियमानुसार तिच्या सर्व अनुदानांतून मिळून वर्षाला साधारणतः दोन महिन्यांहून अधिक पगार घेता येत नाही. आपण उन्हाळ्याचा एकच महिना मागितला, असे समजू. त्यावर महाविद्यालयाने भरायचा सामाजिक सुरक्षेचा व मेडिकेअरचा हिस्सा ७.६५ टक्क्यांनी ७६५ डॉलर होतो. दोन विद्यार्थ्यांचे प्रत्येकी ६,००० प्रमाणे १२,००० डॉलर, रसायने व साहित्य ५,०००, परिषदेचा प्रवास २,०००. थेट खर्च झाला २९,७६५ डॉलर. यावर महाविद्यालयाचा अप्रत्यक्ष खर्च (इमारत, वीज, कार्यालय असा सामाईक खर्च) लागतो, ज्याला सगळे ओव्हरहेड म्हणतात. महाविद्यालयाने सरकारशी स्वतःचा दर ठरवून घेतलेला नसेल तर ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंतचा ठोक दर लावता येतो. पूर्वी तो १० टक्के होता. या हिशेबाने ४,४६५ डॉलर वाढून वर्षाची मागणी ३४,२३० डॉलरवर जाते. महाविद्यालयाचा दर केवळ पगारावर आकारण्याचा असेल, आणि लहान महाविद्यालयांत तो पुष्कळदा तसाच असतो, तर हाच आकडा पूर्णपणे बदलतो; तेव्हा हिशेब मांडण्याआधी कार्यालयाकडून दरपत्र मागून घ्यावे.

महाविद्यालयाच्या वतीने ‘आम्हीही एवढी भर घालू’ असे उत्साहाच्या भरात लिहू नये. एनएसएफ आपल्या बहुतेक योजनांत अशा ऐच्छिक हिश्श्याला बंदी करते आणि तसे वचन प्रस्तावात आढळल्यास प्रस्ताव न तपासताच परत येऊ शकतो. शिवाय प्रस्ताव आपण स्वतः पाठवत नाही, महाविद्यालयाचा अधिकृत प्रतिनिधी पाठवतो. लहान महाविद्यालयात हे सगळे काम बहुधा एकच व्यक्ती पाहते आणि अखेरच्या तारखेच्या आदल्या दिवशी तिच्या नाकी नऊ आलेले असतात. सहा आठवडे आधी तिला भेटावे. त्याही आधी संबंधित विभागाच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला एका पानाचा सारांश ई-मेलने पाठवून ‘हा विषय आपल्या विभागात बसतो का’ असे विचारावे. या अधिकाऱ्यांचे ते कामच आहे आणि ते उत्तर देतात.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे आणि एफ-१ व्हिसावर आहे. एनएसएफच्या उन्हाळी संशोधनासाठी मी पात्र नाही असे कळले, पण माझ्या शेजारच्या प्रयोगशाळेत एक परदेशी विद्यार्थी एनएसएफच्याच पैशावर काम करतो. हे कसे?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १९८७ पासून चालत आलेल्या ‘आरईयू’ या उन्हाळी योजनेचे विद्यावेतन केवळ अमेरिकी नागरिक आणि तेथील कायम रहिवासी यांनाच देता येते. प्राध्यापकाच्या नेहमीच्या संशोधन अनुदानात विद्यार्थी साहाय्यकाच्या मजुरीची जी तरतूद असते, तिला मात्र नागरिकत्वाची अशी सरसकट अट नाही. आपला शेजारी बहुधा त्या दुसऱ्या पैशावर आहे. त्यामुळे कोणत्याही प्राध्यापकाकडे जाताना ‘आपल्याकडे आरईयू आहे का’ असे न विचारता ‘आपल्या अनुदानात किंवा महाविद्यालयाच्या स्वतःच्या उन्हाळी निधीत माझ्यासाठी जागा आहे का’ असे विचारावे, आणि ते जानेवारीतच विचारावे, कारण मार्चपर्यंत जागा भरतात. महाविद्यालयांचे स्वतःचे कार्यक्रम, उदाहरणार्थ ग्रिनेलचे मार्गदर्शित प्रगत प्रकल्प किंवा पोमोनाचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम, आपल्यासारख्यांचा मोठा आधार आहेत.

पदवीनंतरचा विचार करत असाल तर १९६८ मध्ये सुरू झालेली वॉटसन फेलोशिपही लक्षात ठेवा. सुमारे चाळीस निवडक लहान महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती अमेरिकेबाहेर वर्षभर स्वतःच्या विषयाचा मागोवा घेत फिरण्यासाठी मिळते. नागरिकत्वाची अट नाही, पण वर्षभर मायदेशी परतता येत नाही, आणि आधी महाविद्यालयाने आपले नाव सुचवावे लागते. गोल्डवॉटर शिष्यवृत्तीच्या मागे मात्र वेळ घालवू नये. ती नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहे.

प्रश्न : उन्हाळ्यात मला ६,००० डॉलरचे विद्यावेतन मंजूर झाले, पण हाती ५,१६० डॉलरच आले. शिवाय महाविद्यालयाच्या खात्यावर कराच्या नावाने वेगळी रक्कम चढवलेली दिसते. मी कोणतीही नोकरी केलेली नाही. हा अन्याय नव्हे काय? मी भारतीय आहे.

कापलेले ८४० डॉलर म्हणजे ६,००० चे बरोबर १४ टक्के. ‘एफ’ आणि ‘जे’ या प्रकारच्या व्हिसांवरील अनिवासी विद्यार्थ्याला मिळालेल्या करपात्र शिष्यवृत्तीवर हा उगमकर कापणे महाविद्यालयाला बंधनकारक आहे. तो आपल्या नावे सरकारजमा होतो. शिष्यवृत्तीचा जो भाग शिकवणी शुल्क, आवश्यक शुल्के आणि सक्तीची पुस्तके यांसाठी जातो तो करमुक्त असतो. निवास आणि भोजन यांसाठी दिलेला भाग करपात्र असतो, जरी तो बिलातच वजा झालेला असला तरी. खात्यावर चढवलेली दुसरी रक्कम बहुधा यातूनच आली आहे.

पूर्ण हिशेब असा मांडावा. समजा आपल्या अनुदानातील १८,००० डॉलर निवास-भोजनाचे आहेत. त्यांवर १४ टक्क्यांनी २,५२० आणि विद्यावेतनावर ८४०, असे ३,३६० डॉलर वर्षभरात कापले गेले. करपात्र रक्कम झाली २४,०००. येथे भारतीय विद्यार्थ्यांना एक मोठा फायदा आहे, जो इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही: भारत-अमेरिका करविषयक करारातील कलम २१ नुसार त्यांना अमेरिकी रहिवाशाप्रमाणे प्रमाणित वजावट घेता येते. २०२५ या करवर्षासाठी अविवाहित व्यक्तीची ही वजावट १५,७५० डॉलर आहे. उरले ८,२५०, आणि त्यावर १० टक्क्यांनी संघीय कर ८२५. म्हणजे कापलेल्या ३,३६० पैकी २,५३५ डॉलर आपल्याला परत मिळायला हवेत. त्यासाठी महाविद्यालयाकडून येणारा १०४२-एस हा नमुना सांभाळून ठेवावा आणि १०४०-एनआर हे विवरणपत्र, त्यासोबत ८८४३ क्रमांकाचा नमुना, मुदतीत भरावा. राज्याचा कर वेगळा. रहिवाशांसाठीचे साधे विवरणपत्र मित्राचे पाहून भरू नये. अनिवासी विद्यार्थ्यांच्या हातून होणारी सर्वांत सर्रास चूक तीच आहे. बहुतेक महाविद्यालयांचे परदेशी विद्यार्थी कार्यालय मार्चमध्ये यासाठी संगणक प्रणाली उपलब्ध करून देते.

प्रश्न : माझा मुलगा ज्या आंतरविद्याशाखीय कार्यक्रमासाठी त्या महाविद्यालयात गेला, तो एका प्रतिष्ठानाच्या अनुदानावर चालत होता. तीन वर्षे संपताच तो गुंडाळण्यात आला. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना अंधारात ठेवले, असे वाटते.

आपली खंत समजण्यासारखी आहे. प्रतिष्ठाने सहसा नव्या गोष्टीला पैसा देतात, चालू गोष्टीला देत नाहीत. तीन वर्षांचा पैसा मिळतो, त्यातून एक हंगामी अध्यापक नेमला जातो, दोन अभ्यासक्रम सुरू होतात, एखादी व्याख्यानमाला होते आणि छान पत्रके छापली जातात. चौथ्या वर्षी त्या अध्यापकाचा पगार कोण देणार, हे प्रस्तावात ‘महाविद्यालय कार्यक्रम पुढे चालवील’ अशा एका गुळगुळीत वाक्यात उरकलेले असते. प्रतिष्ठानाला ते वाक्य वाचून बरे वाटते, महाविद्यालयाला लिहून बरे वाटते, आणि घोंगडे भिजत राहते.

उलट उदाहरणेही आहेत, आणि ती शिकण्यासारखी आहेत. केक प्रतिष्ठानाच्या पैशावर १९८७ मध्ये काही लहान महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांनी एकत्र येऊन केक जिऑलॉजी कन्सॉर्शियम स्थापन केले. दोन-तीन प्राध्यापकांच्या विभागाला एकट्याने जे क्षेत्रीय संशोधन झेपले नसते ते त्यांनी वाटून घेतले: विद्यार्थी उन्हाळ्यात एकत्र क्षेत्रात जातात, वर्षभर आपापल्या महाविद्यालयात त्या नमुन्यांवर काम करतात आणि शेवटी निष्कर्ष मांडतात. मूळ देणगीदाराचा हात सुटल्यावरही हा उपक्रम एनएसएफचा निधी आणि सदस्य महाविद्यालयांचा स्वतःचा पैसा यांवर चालू राहिला, कारण प्रत्येक महाविद्यालयाने खर्चाचा वाटा आपल्या नेहमीच्या अंदाजपत्रकात आणला होता. कार्यक्रम टिकेल की नाही याची खूण हीच आहे.

पुढच्या वेळी, म्हणजे धाकट्या भावंडाच्या वेळी म्हणा, महाविद्यालयाला थेट विचारावे: या कार्यक्रमातील अध्यापक कायम पदावर आहेत की मुदतीच्या, आणि ती पदे महाविद्यालयाच्या नियमित अंदाजपत्रकात आहेत की अनुदानात? तूर्त आपल्या मुलाने विभागप्रमुखांकडे लेखी मागणी करावी, की ज्या विद्यार्थ्यांनी हा विषय आधीच जाहीर केला आहे त्यांना तो पूर्ण करू द्यावा. अशी मुभा बहुतेक महाविद्यालये देतात, पण ती मागावी लागते.

प्रश्न : मंजूर झालेले सरकारी अनुदान मध्येच रद्द होऊ शकते का? मी एका लहान महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि २०२५ नंतर सहकाऱ्यांत फार धास्ती आहे.

होऊ शकते आणि झालेले आहे. एप्रिल २०२५ मध्ये, १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मानव्यविद्यांच्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे एनईएचने, आधी मंजूर केलेली हजाराहून अधिक अनुदाने थांबवली. ‘हे काम आता संस्थेच्या प्राधान्यक्रमात बसत नाही’ हे कारण त्यामागे दिले गेले, आणि संघीय अनुदान नियमावलीतील समाप्तीच्या कलमाचा आधार घेण्यात आला. न्यायालयीन लढे सुरू झाले. पण लढा जिंकला तरी निसटून गेलेला उन्हाळा परत येत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत एनआयएचने अप्रत्यक्ष खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली होती, ती न्यायालयाने अडवली. लहान महाविद्यालयांपैकी ज्यांचा दर मुळातच कमी आहे त्यांना तिची झळ मोठ्या विद्यापीठांपेक्षा कमी बसली असती, परंतु मानव्यविद्यांकडील कात्री मात्र सरळ त्यांच्याच वर्मी लागली.

मानव्यविद्यांत १९६९ मध्ये स्थापन झालेले मेलन प्रतिष्ठान हा आज अमेरिकेतील सर्वांत मोठा दाता आहे आणि एनईएचची पोकळी भरण्याची अपेक्षा सगळ्यांनी त्याच्याकडूनच केली. एप्रिल २०२५ मध्येच मेलनने राज्यांच्या मानव्यविद्या परिषदांसाठी १ कोटी ५० लाख डॉलरची तातडीची मदत जाहीर केली. एका खासगी प्रतिष्ठानाने सरकारची जागा घ्यावी ही अपेक्षा मला तरी फार टिकाऊ वाटत नाही; त्यांचेही प्राधान्यक्रम बदलतात, आणि त्यांच्यावर कोणाचा अंकुश नसतो.

आपल्यापुरते काय करावे, हे सांगतो. संघीय अनुदानांत खर्च आधी महाविद्यालय करते आणि नंतर भरपाई मागते, म्हणून भरपाईची मागणी दर महिन्याला जाईल असा आग्रह धरावा. तीन-तीन महिने बिले साठवणाऱ्या कार्यालयांना रद्दबातलीच्या पत्रानंतर फार यातायात करावी लागली. मंजुरीपत्रातील समाप्तीचे कलम आणि अपिलाची मुदत दोन्ही आजच वाचून ठेवावीत. विद्यार्थी साहाय्यकांना शब्द देताना तो सत्रापुरता द्यावा, वर्षाचा देऊ नये. आणि अधिष्ठात्यांना आताच, सगळे सुरळीत असताना, विचारावे, की अनुदान थांबले तर चालू सत्राचे विद्यार्थ्यांचे विद्यावेतन महाविद्यालय स्वतःच्या निधीतून देईल का. होकार मिळाला तर तो ई-मेलवर घ्यावा.